लॅमिनेट केलेली चिठ्ठी : डॉक्टरांना एका केमिस्टचं खुलं पत्र

माझ्या तालुक्यातल्या, आणि ज्यांच्यापर्यंत हे पोचेल त्या सगळ्या डॉक्टरांना,

स. न. वि. वि.

एसटी स्टँडसमोर आमचं औषधांचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, गेली चोवीस वर्षं मी चालवते. तालुक्यातल्या बहुतेक डॉक्टरांचं अक्षर मला लागतं. काहींचं तर त्यांच्या कंपाउंडरलाच लागत नाही, तेव्हा तो मला फोन करतो. माझं घर तुमच्या चिठ्ठ्यांवर चालतं. असं पत्र लिहिणं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर, हे मला कळतं. पण वैर धरायचंच झालं तर पहिलं मला स्वतःशी धरावं लागेल, म्हणून लिहितेय.

माझ्या ड्रॉवरमध्ये सध्या एक लॅमिनेट केलेली चिठ्ठी आहे. पिशवीत चुरगळते आणि पावसात शाई पसरते म्हणून बाईंनी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून ती प्लास्टिकमध्ये घालून घेतली. बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, मला तिसरीला होत्या. चिठ्ठीवर तारीख २०२१ची. देवळाच्या पायरीवरून घसरल्या आणि गुडघा सुजला, तेव्हाची. ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमची एकत्र गोळी, सकाळ-संध्याकाळ एक. खाली सही, शिक्का. किती दिवस घ्यायची, ती जागा कोरी.

तीन वर्षं बाई दर पंधरवड्याला यायच्या, काचेवर चिठ्ठी ठेवायच्या, आणि मी तीन स्ट्रिपा काढून द्यायचे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून मी ती चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस, कायद्याखाली आलंय. डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसताना एकाच चिठ्ठीवर ते पुन्हा पुन्हा देता येत नाही. हे नियम मला पाठ आहेत. पण ज्या बाईंनी मला पाढे शिकवले त्यांना 'नवीन चिठ्ठी आणा' कसं म्हणायचं? हा संकोच कुठल्याच कायद्यात बसत नाही. कुणी विचारायच्या आधी मीच कबूल करते.

मग एका पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास बाई मोरीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झाल्यावर त्यांची सून सगळ्या औषधांची पिशवी घेऊन दुकानात आली. 'यातलं काय चालू ठेवायचं, काय बंद, काही कळत नाही.' मी पिशवी काउंटरवर उपडी केली आणि चिठ्ठ्या ओळीने मांडल्या. पहिली ही, हाडांच्या डॉक्टरांची. दुसरी आमच्या फिजिशियनची : बाईंचे यजमान गेल्यावर झोप लागेना, म्हणून एस्सिटालोप्राम हे उदासीवरचं औषध आणि क्लोनाझेपाम ही झोपेची गोळी, रात्री एक. तिसरी शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांची : साखरेमुळे तळपायांची आग होते म्हणून प्रीगॅबालिन, तीही रात्री. यातली कुठलीही एक चिठ्ठी घ्या, तिच्यात बोट ठेवायला जागा नाही. तिन्ही शेजारी ठेवल्यावर माझ्याच पोटात गोळा आला.

तुम्हाला फार्माकॉलॉजी शिकवायची माझी पायरी नाही. पण त्या तीन गोळ्या एकाच रात्री एका सत्तरीच्या बाईच्या पोटात जात होत्या. ट्रामाडॉल, क्लोनाझेपाम आणि प्रीगॅबालिन तिन्ही गुंगी आणतात, तोल घालवतात, आणि एकत्र आली की श्वासही मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ओपिऑइड (ट्रामाडॉल, मॉर्फिन यांच्या जातीची औषधं) आणि झोपेच्या गोळ्यांच्या जोडीबद्दल २०१६ साली आणि प्रीगॅबालिनच्या गटाबद्दल २०१९ साली स्वतंत्र इशारे दिले. वर एस्सिटालोप्राम. ट्रामाडॉल एरवीही झटक्यांचा धोका वाढवतं, आणि या गोळ्यांबरोबर तो आणखी वाढतो. बाई फक्त पडल्या, यात आमचं नशीब.

तुम्ही तिघांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या पाहिल्या नव्हत्या. त्या तिन्ही पाहिलेलं तालुक्यात एकच माणूस होतं, आणि ते काउंटरमागे उभं राहून सुटे पैसे मोजत होतं.

नंतर मी बाईंना भेटायला गेले. ही गोळी काम कशी करते ते सांगताना म्हणाले, 'बाई, हे अफूच्या जातीचं औषध आहे.' बाई उशीवरून उठून बसायला लागल्या. 'अगं, म्हणजे तीन वर्षं तू मला अफू देत होतीस?' तसं नाही म्हटलं. ट्रामाडॉल प्रयोगशाळेत बनतं, अफूच्या बोंडातून येत नाही. पण मेंदूत मॉर्फिन ज्या कुलपात बसतं त्याच कुलपात ही किल्लीही बसते. बाईंना हे आवडलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं : मग हे तेव्हाच सांगायचं.

खरंच, कोण सांगतं? तुमच्याकडे सांगतात 'जरा स्ट्राँग पेनकिलर देतो', आणि माझ्याकडे मी सांगते 'जेवणानंतर'. संपलं.

यात 'हलकं' या शब्दाने आपला सगळ्यांचाच घात केलाय. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी तीन पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या मधल्या पायरीवर सौम्य ओपिऑइड आहेत, आणि ट्रामाडॉल त्यांच्यातच धरलं जातं. शिडी कॅन्सरची होती. आपण ती गुडघ्याला लावली, कंबरेला लावली, आणि सौम्य म्हणजे निरुपद्रवी असं समजून बसलो. ट्रामाडॉलला चोवीस तासांत ४०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पंच्याहत्तरीपुढच्यांना त्याहून कमी. ही मर्यादा मी एकाही पेशंटच्या तोंडून ऐकलेली नाही.

तुमची बाजूही मला दिसते. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक ही नेहमीची पेनकिलर वर्षानुवर्षं खाऊन किडनीचे आणि जठराचे काय हाल होतात ते आपण दोघांनी पाहिलंय. बीपी आणि साखर असलेल्या म्हातारीला ती गोळी द्यायची नाही, पॅरासिटामॉलने भागत नाही, ऑपरेशनला पैसे नाहीत, फिजिओथेरपीला रोज बावीस किलोमीटर यायचं कोणी? मग डॉक्टर ट्रामाडॉल लिहितो. त्यात तुमचं वाईट काही नव्हतं. पण या वाटेने गेल्यावर निदान पुढे काय आहे ते तरी बघू. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत २४० जणांवर वर्षभर अभ्यास झाला, २०१८ साली छापून आला. सगळे जुनाट कंबरदुखीचे किंवा खुब्या-गुडघ्याच्या झिजेचे. निम्म्यांना ओपिऑइड, निम्म्यांना इतर साधी औषधं. वर्षअखेरीस चालण्या-फिरण्यात फरक नव्हता. दुखणं उलट साध्या औषधवाल्यांचं थोडं कमी होतं, आणि त्रास ओपिऑइडवाल्यांना जास्त. ऑस्ट्रेलियात तर नव्याने धरलेल्या कंबर-मानेवर ओपिऑइड देऊन पाहिलं (२०२३). सहा आठवड्यांनी ते आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी सारखीच.

मग माणसं ती सोडत का नाहीत? याचं उत्तर मला बाईंनीच दिलं, पण ते उत्तर आहे हे मला फार उशिरा कळलं. पडायच्या आदल्या वर्षी बाई कार्तिकीला पंढरपूरला गेल्या आणि गोळ्यांची डबी घरी राहिली. दुसऱ्या दिवशी जांभयांवर जांभया, नाक गळायला लागलं, अंगावर काटा, पोट बिघडलं, रात्री पाय स्वस्थ राहीनात. आणि गुडघा असा दुखायला लागला की पूर्वी कधी दुखला नव्हता. बाईंना वाटलं चंद्रभागेचं पाणी बाधलं. परत आल्या, गोळी घेतली, तासाभरात सगळं जागच्या जागी. माझ्याकडे येऊन म्हणाल्या, 'बघ, ही गोळी गुडघ्याला किती लागू आहे!' मीही मान हलवली.

गोळीचं काम एवढंच उरलं होतं की गोळी न घेतल्याने जे होतं ते होऊ द्यायचं नाही. हे व्यसन नव्हे, हेही लगेच सांगते. बाईंनी कधी दोनाच्या तीन केल्या नाहीत, त्या कधी खोटं बोलल्या नाहीत, गोळीसाठी जीव टाकला नाही. शरीराला सवय होणं ही एक गोष्ट आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही मन त्याच्यामागे धावणं ही दुसरी. आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो, म्हणून साधी माणसं लाजून गप्प बसतात आणि सवय झालीय हे तुम्हाला सांगतच नाहीत.

दुसऱ्या तऱ्हेचं गिऱ्हाईकही माझ्याकडे येतं. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवसभर वाकून तोडायचं, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायची. कंबर धरली तरी थांबता येत नाही, खाडा पडला की पैसे कापतात. संध्याकाळी साडेसातला बाया येतात, हातावर अजून पाचटाचे ओरखडे. 'ती पांढरी गोळी द्या, उद्या फडावर जायचंय.' ट्रामाडॉलवर कायदा कडक झाल्यापासून आमच्याकडे चिठ्ठ्यांवर टॅपेंटाडॉल दिसायला लागलं. औषध नवं, कूळ तेच. याच टॅपेंटाडॉलमध्ये कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध मिसळून आपल्या मुंबई-पालघरकडून पश्चिम आफ्रिकेत गोळ्या जात होत्या आणि तिथली पोरं नशेपायी बरबाद होत होती. बीबीसीने ते फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड केल्यावर सरकारने त्या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवली. घाना-नायजेरिया लांब आहे असं वाटतं. माझ्या काउंटरवर ट्रॅक्टरचा ड्रायव्हर रात्रीच्या खेपेआधी तेच नाव सांगतो, तेव्हा तेवढं लांब वाटत नाही. त्याला मी परत पाठवते. तो पुढच्या दुकानात जातो. (पुढच्या दुकानाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, आम्हा केमिस्टांची मीटिंग वेगळी आहे.)

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग ही औषधं बंदच करा. तिथेच माझं खरं भांडण सुरू होतं.

आमच्याच एका वाडीतला शेतकरी, तंबाखूचा, जिभेचा कॅन्सर. शेक (रेडिएशन) झाले, मग 'आता घरीच ठेवा' म्हणून सांगितलं. मुलगा माझ्याकडे चिठ्ठी घेऊन आला ती डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनांची. ते किती पुरणार? माणूस तोंडात ओल्या फडक्याचा बोळा धरून रात्र काढायचा, म्हणजे ओरडल्याचा आवाज शेजारी जाऊ नये. मॉर्फिन माझ्याकडे नव्हतं. ग्रामीण रुग्णालयात नव्हतं. जिल्ह्याला एका ठिकाणी मिळतं असं कळलं, तर पहिल्या फेरीला ते लिहून देणारे डॉक्टर रजेवर. दुसऱ्या फेरीला मिळालं : दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या, दर चार तासांनी, आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध, कारण या औषधाने बद्धकोष्ठ होतंच आणि बाकीची सवय झाली तरी त्याची होत नाही. मुलगा पहिलं काय विचारतो? 'मॅडम, बाबांना व्यसन नाही ना लागणार?' तिसऱ्या दिवशी त्याच्या बाबांनी चहा मागितला. बशीत ओतून, निववून, हळूहळू प्याले.

मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचच्या शेतात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमचला सरकारी कारखाना आहे. ज्या देशात हे औषध मातीतून उगवतं तिथे १९८५च्या त्याच एनडीपीएस कायद्यानंतर मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरून १९९७ साली १८ किलोवर आला होता. एवढ्या मोठ्या देशात अठरा किलो! एका संस्थेला चार-पाच परवाने लागायचे आणि त्यांच्या मुदती एकमेकींना गाठायच्या नाहीत. केरळात वेदनाशमनाचं काम करणारे डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, २०१४ मध्ये कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त संस्था म्हणून एकाच ठिकाणी, राज्याच्या औषध नियंत्रकांकडे अर्ज करायचा, आणि दुखण्यावरच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर असला पाहिजे. बस. तरी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१७च्या आयोगाच्या हिशेबात भारताची या औषधांची गरज भागते ती चार टक्के.

म्हणजे एकाच काउंटरवर मी दोन्ही पाहते. जिला पाच दिवस पुरे होते तिला तीन वर्षं मिळतं आणि ज्याचे शेवटचे पंधरा दिवस उरलेत त्याला मिळत नाही. आपण औषधाच्या नावाकडे बघून घाबरतो किंवा निर्धास्त होतो. समोर कोण आहे, कशासाठी, किती दिवस, हे चिठ्ठीवर येतच नाही.

आणि उलट्या बाजूची चूकही करू नका. अमेरिकेत ती होऊन गेलीय. तिथे १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं होतं, की रुग्णालयात ही औषधं दिलेल्यांत व्यसन लागल्याचं क्वचित दिसतं. रुग्णालयात, देखरेखीखाली. ते पत्र पुढे सहाशेहून जास्त वेळा उद्धृत झालं, बहुतेकांनी 'रुग्णालयात' हा शब्द गाळून. ऑक्सिकोन्टिनसारख्या ओपिऑइड गोळ्या जुनाट दुखण्याला खुल्या हाताने वाटल्या गेल्या, माणसं मेली. मग २०१६ मध्ये कडक मार्गदर्शिका आली, तर डॉक्टरांनी वर्षानुवर्षांच्या पेशंटांच्या गोळ्या एका फटक्यात तोडल्या, आणि ती माणसं वेदनेने, कासाविशीने रस्त्यावरच्या मालाकडे वळली. २०२२ मध्ये ती मार्गदर्शिका सुधारून लिहावी लागली : वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्याचं औषध कमी करायचं तर महिन्याला दहा टक्के, त्याहूनही हळू चालेल. म्हणून सांगते, हे पत्र वाचून उद्या सकाळी कुणाच्या गोळ्या बंद करू नका.

एक बारीक गोष्ट, पण लिहूनच ठेवते. शहरातून आता याच जातीच्या फेंटानिलचे पॅच लावून माणसं घरी येतात. पाठीला किंवा दंडाला चिकटवलेला, तीन दिवस चालतो. आपल्याकडे दुखलं की काय करतात? शेक देतात. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवली की औषध भसाभसा अंगात उतरतं. हे मी सुनांना, मुलांना काउंटरवर हातवारे करून सांगते. वापरलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून टाकायचा, रांगतं पोर असेल त्या घरात तर नक्कीच. माणूस उठवून उठत नसेल, श्वास मंद, घोरण्यात खरखर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तर 'शांत झोपलेत' म्हणून दार ओढून घेऊ नका, १०८ला फोन करा. याचा उतारा नॅलॉक्सोन इंजेक्शन आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. ही चार वाक्यं मराठीत छापलेला कागद पॅचच्या डब्यात मला अजून सापडायचाय.

माझं मागणं लहान आहे. या जातीचं कुठलंही औषध लिहाल तेव्हा त्याच्यापुढे किती दिवस ते लिहा. पाच म्हणजे पाच. पुढे लागणारच असेल तर परत कधी भेटायचं ती तारीख लिहा, आणि कशासाठी ते एका शब्दात : 'गुडघा', 'कॅन्सर'. त्या एका शब्दाने मला कळेल की कुणाला थांबवायचं आणि कुणासाठी रात्री शटर उघडायचं. पेशंटला सांगा, दर वेळी सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन ये, दुसऱ्या डॉक्टरांच्याही. आणि तुमच्यापैकी दोघा-तिघांनी तरी ते वेदनाशमनाचं प्रशिक्षण घ्या, म्हणजे वाडीतल्या पुढच्या माणसाला मॉर्फिनसाठी जिल्ह्याच्या दोन फेऱ्या पडणार नाहीत.

बाईंची गोळी आता हाडांच्या त्याच डॉक्टरांनी उतरवायला घेतलीय. त्यांना लॅमिनेट केलेली चिठ्ठी दाखवली तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, 'अक्षर माझंच आहे.' आठ महिने झाले, रात्रीची अर्धी उरलीय. बाईंनी वहीत हजेरीपटासारखे चौकोन आखलेत, रोज खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा व्यायाम केला की बरोबरची खूण, नाही केला की 'गै'. गुडघा दुखतो. पूर्वीही दुखतच होता म्हणतात.

चिठ्ठी मात्र त्यांनी दोनदा परत मागितली. मी दिली नाही.

आणि पुढच्या सोमवारपासून, चिठ्ठीवर दिवस नसतील तर गोळी द्यायच्या आधी मी तुम्हाला फोन करणार आहे. दुपारी दोन ते चार तुम्ही फोन उचलत नाही, माहीत आहे. तोवर पेशंटला बाकावर बसवते. पंखा आहे.

आपली,
एसटी स्टँडसमोरची केमिस्ट